मांजराचे स्वादुपिंड आणि गुडमारचे पाकीट

मुलुंड पूर्वेस माझा दवाखाना असून त्याला लागूनच आमचे लहानसे औषधी दुकान आहे. मधुमेहाच्या रुग्णांसाठी दुकानाच्या नावाने गुडमार चूर्णाची पाकिटे आम्ही परवानाधारक निर्मात्याकडून अनेक वर्षे करून घेत आलो आहोत. पाकिटावरील मजकूर माझाच. त्यात एक ओळ अशी होती : 'स्वादुपिंडाच्या नाड्यांना चेतना देणारे.' ही ओळ लिहिताना मी फारसा विचार केला नव्हता, हे आरंभीच मान्य करतो. वाक्य कानाला बरे वाटले, ग्राहकाला समजले आणि छापले गेले.

काही महिन्यांपूर्वी एक नेहमीच्या रुग्ण भगिनी दवाखान्यात आल्या. त्यांची स्वतःची साखर आहार, आमची औषधे आणि त्यांच्या फिजिशियनच्या गोळ्या यांवर बरी आटोक्यात आहे. नाडी दाखवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या बोक्यालाही साखर निघाली. तीन आठवडे झाले, तुमचंच चूर्ण देते आहे. चिमूटभर, बांगड्याच्या रश्श्यात." मी विचारले, "ताई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी पिशवीतून पाकीट काढून ती ओळ माझ्यापुढे धरली. "स्वादुपिंड तर बोक्यालाही असणारच ना?"

शारीरशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नात काहीही चूक नव्हती, आणि मला उत्तर देता आले नाही. बोका नऊ वर्षांचा, खच्चीकरण केलेला, अंगाने भारी. महिन्याभरापासून पाणी फार पितो, वजन मात्र उतरत चालले. मागच्या पायांनी तो पंजांवर न चालता टाचा टेकवून चालू लागला होता. पशुवैद्यांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन सांगितले होते. सुईच्या भीतीने आणि माझ्या पाकिटाच्या भरवशावर ते सुरू झालेले नव्हते. मी त्यांच्यासमोरच एका पशुवैद्य स्नेह्यांना दूरध्वनी केला. त्यांनी एवढेच सांगितले की मांजराच्या मधुमेहात असे टाचेवर चालणे हे मज्जातंतूंना इजा होऊ लागल्याचे लक्षण असते. इन्सुलिन आजच सुरू व्हावे, नाहीतर पुढची अवस्था रक्तातील आम्लतेची, आणि त्यातून मांजरे हातची जातात. भगिनी त्याच संध्याकाळी पुन्हा त्यांच्या पशुवैद्यांकडे गेल्या.

प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. स्वादुपिंडाला नाड्या कोणत्या, त्या काय करतात, आणि गुडमार त्यांना खरोखर काही करते का? वैद्यबंधूंपुढे हे मांडण्याचे कारण असे की अशा अर्थाची ओळ केवळ माझ्याच पाकिटावर नसावी.

परळचा एक रस्ता

या प्रश्नाचा माग काढताना माझे पाय वारंवार परळच्या आचार्य दोंदे मार्गाकडे वळले. या एकाच रस्त्यावर तीन संस्था आहेत. पहिली बाई साकरबाई दिनशा पेटिट पशु रुग्णालय. १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय त्याच्याच आवारात सुरू झाले. दुसरे के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. तेथील औषधशास्त्र विभागातून कै. डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदीय द्रव्यांच्या आधुनिक कसोटीवरील अभ्यासाला संस्थात्मक रूप दिले, हे आपण सर्व जाणतोच. तिसरी हाफकिन संस्था. मांजराचे रुग्णालय, माणसाचे रुग्णालय आणि औषधीची प्रयोगशाळा अशी ही त्रयी आहे. आमच्या बोक्याचा प्रश्न नेमका या तिघांच्या सीमेवरचा.

गुडमारचा आधुनिक इतिहास पुष्कळसा महाराष्ट्रीय नावांचा आहे. पाने चावल्यावर साखर मातीसारखी लागते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपीय अभ्यासकांना ठाऊक होते. डेव्हिड हूपर यांनी १८८७ मध्ये त्यातील जिम्नेमिक आम्लाचे वर्णन केले. परंतु मधुमेहातील वापर वैद्यकीय नियतकालिकात ठळकपणे मांडला तो के. जी. घारपुरे यांनी, १९२६ च्या 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये. चारच वर्षांनी, १९३० साली, हाफकिन संस्थेतील कृष्णाजी श्रीपत म्हसकर आणि जेझुइट धर्मगुरू झां फर्दिनां कायस यांचा गुडमारवरील प्रबंध 'इंडियन मेडिकल रिसर्च मेमॉयर्स'मध्ये आला. कीर्तिकर-बसूंच्या वनस्पतिकोशाची दुसरी आवृत्ती ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी तिचे मुखपृष्ठ उलटून पाहावे. संपादकांत हीच दोन नावे ब्लॅटर यांच्यासह दिसतील.

म्हसकर-कायस यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. पानांनी रक्तातील साखर उतरते, असे त्यांना आढळले. शर्करेच्या चयापचयावर द्रव्याची थेट क्रिया त्यांना दिसली नाही. म्हणून ते अप्रत्यक्षपणे, स्वादुपिंडातून इन्सुलिन अधिक स्रवल्यामुळे काम करत असावे, असे अनुमान त्यांनी मांडले. अनुमान हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्या काळी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची सोयच नव्हती. ती १९६० च्या सुमारास याल्लो आणि बर्सन यांच्या पद्धतीने आली. पुढच्या नव्वद वर्षांत त्या अनुमानातील 'असावे' गळून गेले. 'स्वादुपिंडातून' याचे 'स्वादुपिंडाच्या नाड्यांतून' कधी झाले, ते मी सांगू शकत नाही. निदान माझ्या पाकिटावर ते मीच केले.

कांद्यासारखी एक गोष्ट

वर उल्लेखिलेले पशुवैद्य स्नेही परळलाच शिकलेले. एका रविवारी त्यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली मांजराच्या स्वादुपिंडाची एक जुनी काचपट्टी ठेवली आणि मला बघायला सांगितले. गुलाबी-जांभळ्या ग्रंथीपेशींचे झुबके, त्यांच्यात फिकट बेटे. एवढे मला ओळखता आले. त्यांच्या शेजारी मात्र आडव्या कापलेल्या कांद्यासारखे एक वर्तुळ होते. पापुद्र्यावर पापुद्रा, आणि मध्यभागी एक बारीक ठिपका. ते म्हणाले, "हे दिसलं की तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यानं डोळे मिटून सांगायचं, मांजर."

हे पॅसिनीचे कण. फिलिप्पो पॅसिनी या इटालियन विद्यार्थ्याने १८३१ साली ते माणसाच्या हातात प्रथम पाहिले. दाबातील बदल आणि कंप टिपणारी ही मज्जातंतूंची टोके होत. आपल्या तळहातात, तळपायात ती विपुल असतात. मांजरात ती आंत्रबंधात आणि स्वादुपिंडातही आढळतात, आणि इतकी मोठी की आंत्रबंधातले कण नुसत्या डोळ्यांनी खसखशीच्या दाण्यासारखे दिसतात. म्हणूनच स्पर्शाचे विद्युतसंदेशात रूपांतर कसे होते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास लोवेनस्टाइन आदींनी मांजराच्या आंत्रबंधातील याच कणांवर सोडवला. स्वादुपिंडात कंप टिपणारे यंत्र मांजराला कशासाठी हवे, याविषयी तर्क पुष्कळ आहेत; मला त्यांतला एकही पुरता पटलेला नाही.

पण पॅसिनीचा कण हा झाला वर जाणारा तंतू, म्हणजे वार्ता नेणारा. आपल्याला हवे आहेत ते खाली येणारे, आज्ञा आणणारे. ते दोन वाटांनी येतात. एक व्हेगस; मस्तिष्कातून निघून छाती ओलांडून जठराजवळ येणारी दहावी चेता. तिचे तंतू स्वादुपिंडात शिरून तेथेच विखुरलेल्या लहान लहान गँग्लिऑनांत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींत, संपतात. तेथून निघणारे आखूड तंतू पाचकरस करणाऱ्या ग्रंथीपेशींना, नलिकांना आणि लँगरहान्सच्या बेटांना पोहोचतात. त्यांचा मुख्य दूत ॲसिटिलकोलीन. दुसरी वाट सिंपथेटिक. मणक्यांतून निघणाऱ्या स्प्लँक्निक चेतांमधून सीलिॲक गँग्लिऑनपर्यंत, आणि तेथून रोहिण्यांना बिलगून ग्रंथीच्या आत. तिचा दूत नॉरॲड्रिनलिन. पहिली वाट चालू झाली की पाचकरस आणि इन्सुलिन वाढतात. दुसरी चालू झाली की रक्तवाहिन्या आकसतात, इन्सुलिनला लगाम बसतो आणि ग्लुकागॉन वाढते.

धत्तूर वापरणाऱ्या वैद्याला पहिली वाट अनोळखी वाटू नये. कनकासव जरा अधिक मात्रेत गेले की रुग्णाचे तोंड कोरडे पडते. धत्तुरातील ॲट्रोपीनजातीय क्षारांनी लालाग्रंथींवरचा ॲसिटिलकोलीनचा हुकूम थोपवलेला असतो. स्वादुपिंडाच्या ग्रंथीपेशींवर हुकूम आणणारा दूतही तोच.

मांजराच्या बाबतीत हे जाळे प्रत्यक्ष रंगवून पाहण्याचे एक महत्त्वाचे काम १९५८ साली कूपलँड यांनी केले. कोलिनेस्टरेज हे विकर जेथे असेल तेथे रंग चढेल, अशा पद्धतीने त्यांनी उंदीर, मांजर आणि ससा यांच्या स्वादुपिंडांची तुलना केली. मांजरात आणखी एक चमत्कारिक रचना आहे : चेतापेशी किंवा तंतू आणि बेटांतील पेशी एकमेकींत गुंतून एकच गुच्छ तयार झालेला. त्याला न्यूरो-इन्सुलर कॉम्प्लेक्स म्हणतात. बोक यांनी १९८६ मध्ये मांजरातील अशा गुच्छांची अतिसूक्ष्म रचना प्रसिद्ध केली. 'नाड्या स्वादुपिंडाला चेतना देतात' हे वाक्य कुठे चित्रासारखे खरे दिसत असेल, तर ते मांजरात.

नाडी की रक्त

असे असले तरी चित्रात नाडी दिसणे आणि कामात तिच्यावाचून अडणे, या दोन भिन्न गोष्टी. पॅव्हलॉव्ह यांनी १८८८ मध्ये कुत्र्याच्या व्हेगसला विद्युत उत्तेजन देऊन स्वादुरस वाहताना दाखवला, आणि काही काळ सर्व श्रेय मज्जातंतूंकडे गेले. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याच्या एका तुकड्याचे सारे मज्जातंतू तोडले, त्यात आम्ल घातले, तरी स्वादुरस वाहिलाच. नाडी नव्हती, रक्त होते. त्या रक्तातून गेलेल्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले आणि हार्मोन या कल्पनेचा जन्म झाला. सिक्रेटिनने पाणी आणि क्षार येतात, पाचक विकरे फारशी नाहीत. ती कोण आणतो, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर मांजराने दिले. हार्पर यांनी आधी व्हास आणि मग रेपर यांच्यासह बेशुद्ध केलेल्या मांजरांवर प्रयोग करून १९४३ साली आतड्याच्या अर्कातील एक दुसरे द्रव्य पुढे आणले. त्याला पॅनक्रिओझायमिन असे नाव दिले. पित्ताशय आकुंचित करणारे कोलेसिस्टोकायनिन आणि हे, दोन्ही एकच असल्याचे पुढे स्वीडनमधील योरपेस आणि मुट यांनी दाखवले.

म्हणजे स्वादुपिंडाला आज्ञा दोन मार्गांनी येतात, नाडीतून आणि रक्तातून. तिसराही एक मार्ग आहे. एखादे द्रव्य थेट पेशीवरच काम करील. 'चेतना देणारे' या शब्दांत हे तिन्ही मार्ग आपण एकत्र कोंबतो.

नाडीचा मार्ग मांजरात किती जोरकस असू शकतो, याचा दाखला अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९११ मध्ये दिला. मांजराला काही न टोचता नुसते बांधून ठेवले, किंवा कुत्रा समोर भुंकू दिला, की काही वेळाने त्याच्या मूत्रात साखर सापडे. अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या मांजरांत ती सापडत नसे. भय, सिंपथेटिक तंतू, ॲड्रिनलिन, यकृतातून सुटलेली साखर आणि रोखलेले इन्सुलिन, अशी ही साखळी आहे. आजही पशुवैद्य मांजराच्या एकाच रक्तचाचणीवर मधुमेहाचे निदान करत नाहीत. टोपलीत घालून, रिक्षाने आणून, टेबलावर दाबून धरलेल्या निरोगी मांजराची साखर तीनशेच्या वर गेलेली दिसू शकते. म्हणून मागील दोन-तीन आठवड्यांचा सरासरी हिशेब देणारी फ्रुक्टोसामीन चाचणी करतात. आमच्या बोक्याची ती चाचणीही वाढलेली होती.

कॅननचे वाचताना मला चरकसंहितेतील विमानस्थान आठवले. पथ्यकर अन्न, तेही योग्य मात्रेत घेतलेले, चिंता, शोक, भय आणि क्रोध यांनी पचत नाही, असा तेथे अभिप्राय आहे. निरीक्षण म्हणून ते कॅननच्या कितीतरी आधीचे आणि आजही बिनतोड आहे. मात्र येथे मला आपल्याच मंडळींशी थोडा मतभेद नोंदवायचा आहे. आपल्या व्याख्यानांतून 'समान वायू म्हणजेच व्हेगस' अशी समीकरणे सर्रास मांडली जातात. अग्नीच्या सान्निध्यात राहून अन्न घेणारा, पचविणारा, सार-किट्ट वेगळे करणारा समान वायू ही कार्याची संकल्पना आहे. व्हेगस ही कापून ताटात ठेवता येणारी दोरी. विद्यार्थ्याला समजावताना एकावरून दुसऱ्याकडे बोट दाखवावे, पण दोन्ही एकच म्हणून छापू नये. क्लोमाच्या बाबतीतही हीच घाई झाली आहे. सुश्रुताने ते हृदयाखाली उजव्या बाजूस यकृतासह सांगितले. चरकाने तालूबरोबर उदकवह स्रोतसाचे मूळ म्हटले. तृष्णा आणि मधुमेह यांच्या संबंधामुळे क्लोम म्हणजे स्वादुपिंड हे मत मोहक वाटते. पण पित्ताशय, श्वासनलिका, कंठ अशी इतर मतेही तितक्याच विद्वत्तेने मांडली गेली आहेत, आणि स्वादुपिंड हा शब्दच मुळी या अर्थाने संहितांमध्ये नाही. ग्रंथीच्या आतील मज्जातंतू तर सूक्ष्मदर्शकाविना दिसणारे नव्हेत. सुश्रुताने जे पाहिले ते अफाटच. जे पाहणे शक्य नव्हते, ते त्याच्या नावावर घालणे हा त्याचा गौरव नव्हे.

जिभेचा रस्ता

गुडमार नाडीमार्गे काम करते, असे म्हणायचेच असेल तर एक सरळ मार्ग मनात येतो : जिभेचा. पानांतील जिम्नेमिक आम्ले माणसाच्या जिभेवरील मधुर रसाच्या ग्राहकांना तात्पुरती झाकतात. मधुर रस कळला की मस्तिष्कातून व्हेगसमार्गे स्वादुपिंडाला आगाऊ सूचना जाते आणि अन्न आतड्यात पोहोचण्याआधीच थोडे इन्सुलिन सुटते, हे माणसात दिसून आले आहे. आता गंमत पाहावी. जिभेवर गुडमार ठेवल्यास ही सूचना क्षीणच व्हायला हवी. चेतना मिळणे दूर राहिले. गोड खाण्याची इच्छा कमी होते, हा लाभ खराच, आणि चूर्ण गोळीऐवजी जिभेवर घ्यायला सांगणाऱ्या जुन्या वैद्यांना तो माहीत होता. पण तो संयमाचा लाभ आहे, नाडीला चेतवण्याचा नव्हे.

मांजराच्या बाबतीत तर हा रस्ताच बंद आहे. मधुर रसाचा ग्राहक ज्या दोन जनुकांच्या जोडीने घडतो, त्यांतील एक मांजरात निकामी झालेले आहे, हे फिलाडेल्फियातील मोनेल केंद्राच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केले. वाघ आणि चित्त्यातही त्यांना तेच आढळले. बोक्यापुढे पेढा ठेवला तर तो दुधातुपासाठी चाटेल. गोडी त्याला कळत नाही. तेव्हा बांगड्याच्या रश्श्यातील चिमूटभर गुडमारने त्याच्या जिभेवर झाकण्यासारखे काही नव्हतेच.

मग गुडमार रक्तातील साखर उतरवते ती कशी? मद्रास विद्यापीठातील अभ्यासकांनी १९९० मध्ये २२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या गोळ्यांसोबत रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. पाच रुग्णांच्या गोळ्या थांबवता आल्या. उत्साह वाढवणारा निष्कर्ष आहे, परंतु रुग्ण थोडे, आणि तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेला गट नाही. दुसरा अभ्यास लंडनमधला, १९९९ चा. परसॉड आणि सहकाऱ्यांनी तोच अर्क इन्सुलिन करणाऱ्या सुट्या पेशींवर आणि बेटांवर, म्हणजे प्राण्याबाहेर काचपात्रात, घालून पाहिला. इन्सुलिन सुटले. म्हणजे मस्तिष्काशी जोडलेली नाडी नसतानाही सुटले. त्यांच्या मते याचे कारण पेशीच्या आवरणाची पारगम्यता वाढणे हे होते. साध्या भाषेत, मडके पाझरू लागले. हे वाचल्यावर माझ्या पाकिटावरची ओळ मला फार वेगळी दिसू लागली. म्हसकर-कायस यांचे अनुमान, स्वादुपिंडातून इन्सुलिन वाढते एवढे, टिकते. नाड्यांचा त्यात संबंध आल्याचा पुरावा मला कुठेही सापडला नाही. आणि पाझरणारे मडके ही 'चेतना' म्हणावी काय, हा प्रश्न वेगळाच.

येथे आणखी एक अडचण आहे, ती मांजराकडून माणसाकडे येताना. मायामी येथील रोद्रिगेझ-दियाझ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मानवी स्वादुपिंडातील बेटांचे मज्जातंतू त्रिमितीत मोजले. उंदराच्या बेटांत पेशीपेशीला तंतू भिडलेले; माणसाच्या बेटांत व्हेगसकडून येणारे तंतू अगदी विरळ, आणि सिंपथेटिक तंतू मुख्यतः बेटातील रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर. ॲसिटिलकोलीन तर माणसात बेटातील अल्फा पेशी स्वतःच करतात, असे त्याच गटाने दाखवले. १९६६ साली मिनेसोटात पहिले स्वादुपिंड प्रत्यारोपण झाले. तेव्हापासून प्रत्येक प्रत्यारोपित स्वादुपिंड आपले जुने मज्जातंतू तोडूनच नव्या शरीरात येते, आणि ते नीट रुजले तर रुग्णाचे इन्सुलिन बंद होते. मांजराच्या काचपट्टीत इतक्या ठळक दिसणाऱ्या नाड्या माणसात सूक्ष्म जुळणी करणाऱ्या आहेत, मालक नव्हेत. पोटातून पाठीकडे जाणारी स्वादुपिंडाची भयंकर वेदना मात्र याच सीलिॲक जाळ्यातून वर जाते. तेथे माणसाच्या नाड्या आपले अस्तित्व पुरेपूर जाणवून देतात.

औषधी दुकानदार बंधूंसाठी दोन गोष्टी लिहिणे आवश्यक वाटते. एक कायद्याची. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे, आणि त्या कायद्यात पाकिटावरचे लेबलही जाहिरातच धरले जाते. दुसरी मांजराची. उपनगरांतील सदनिकांत मांजरे पाळणारी कुटुंबे वाढली आहेत आणि दुकानात 'हे मांजराला चालेल का' असे विचारले जाते. मांजराचे यकृत अनेक फिनॉलवर्गीय द्रव्यांचे ग्लुकुरोनाइडमध्ये रूपांतर करण्यात दुबळे आहे. म्हणूनच पॅरासिटामॉलची एक गोळी त्याला मारू शकते. लसूण आणि कांद्याने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. तेव्हा रसोनयुक्त गुटी-वट्या त्याच्यासाठी औषध नव्हेतच. 'वनस्पतीच आहे, काही होणार नाही' हे उत्तर गल्ल्यावरून देऊ नये. मीही पूर्वी दिले आहे.

बोक्याचे पुढे असे झाले. इन्सुलिन दोन वेळा सुरू झाले. भगिनींना वाटली होती तेवढी सुई अवघड नव्हती. मानेची सैल कातडी चिमटीत धरून टोचायची, बोका वाटीतून मान वर काढत नाही. आहारातून भात गेला, मासे आणि मांजरांसाठीचे कमी पिष्टमय पदार्थाचे अन्न राहिले. मांजरांचा मधुमेह बहुधा आपल्या दुसऱ्या प्रकाराशी मिळताजुळता असतो. बेटांत अमायलॉइड साचते, पण लवकर उपचार झाले तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटते. या बोक्याची मात्रा चौथ्या महिन्यात निम्मी झाली आहे. टाचेवरचे चालणे पूर्ण गेलेले नाही. जिना चढताना अजून दिसते. ते तीन आठवडे वाया गेले नसते तर गेले असते काय, असे मी पशुवैद्य स्नेह्यांना विचारले. ते काही बोलले नाहीत.

पाकिटाच्या नव्या छपाईत ती ओळ नाही. तिच्या जागी मात्रा, 'चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत' आणि 'प्राण्यांना देऊ नये' एवढे आहे. जुनी दोनशेच्या आसपास पाकिटे दुकानात शिल्लक होती. ती निर्मात्याकडे परत पाठवणे महाग पडत होते, म्हणून मी आणि आमच्या दुकानातील मुलाने दोन दुपारी बसून प्रत्येकावरची ती ओळ काळ्या शाईने झाकली. ग्राहक विचारतात, खाली काय लिहिले होते. मी सांगतो.